माणूस कामाला बसवायचा, की काम माणसाला?

चळवळीत काम करणाऱ्या बायकांना एक गोष्ट पुस्तक न वाचता कळलेली असते. कामाची जागा सगळ्यांसाठी सारखी नसते. ती कोणाच्या तरी मापाने बेतलेली असते, आणि बहुतेक वेळा ते माप धडधाकट पुरुषाचे असते. ज्याला घरी जाऊन स्वयंपाक करायचा नाही, ज्याला पाळी येत नाही, ज्याचे लेकरू अंगावर पीत नाही, अशा माणसाला समोर ठेवून कामाचे तास ठरतात आणि मजुरीही ठरते. बाई त्या जागेत गेली की तिला सांगितले जाते, जमत असेल तर कर, नाहीतर घरी बैस.

याविरुद्ध आपण काय केले? महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ चा. त्या कामांवर पाळणाघर हवे, पाणी हवे, सावली हवी, यासाठी बायकांना मोर्चे काढावे लागले. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दल सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निकाल १९९७ साली आला आणि कायदा व्हायला २०१३ उजाडले. प्रत्येक वेळी आपले म्हणणे एकच होते. खोट बाईत नाही, कामाच्या जागेत आहे. जागा बदला.

जागा बदलली नाही की काय होते, हेही आपण मराठवाड्यातच पाहिले. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशयांचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांवर बायकांचे गर्भाशय काढलेले निघाले. फडावर संडास नाही, पाळीला सुट्टी नाही, खाडा झाला की दंड. कामाची रीत तशीच राहिली आणि बाईचे शरीर कापून तिला त्या रीतीत बसवले गेले.

माणूस कामाला बसवायचा, की काम माणसाला, हा प्रश्न म्हणून आपल्याला नवा नाही. आज तोच प्रश्न अशा माणसांच्या बाजूने विचारायचा आहे, ज्यांची आठवण आपल्या शिबिरांत फारशी निघत नाही. ती माणसे म्हणजे ऑटिझम असलेले तरुण आणि तरुणी.

ऑटिझम हा रोग नव्हे. मेंदूची ती जन्मापासूनची वेगळी घडण आहे आणि ती आयुष्यभर राहते. ही माणसे आवाज, उजेड, वास, स्पर्श आपल्याहून वेगळ्या तीव्रतेने घेतात. कोणाला मिक्सरचा आवाज सहन होत नाही, कोणाला नव्या साडीचे काठ टोचतात. बोलण्यातली खोच, डोळ्यांतला इशारा, "जरा बघ की" मधला "जरा" त्यांना उमगत नाही. जे शब्दांत सांगितले तेच खरे. रोजचा क्रम अचानक मोडला तर जीव घाबरा होतो. काहीजण अजिबात बोलत नाहीत, काहीजण एकाच विषयावर तासभर बोलतात. काहींना अंघोळीपासून मदत लागते, काहीजण पदवीधर असतात. मराठीत यासाठी 'स्वमग्नता' हा शब्द रूढ झाला आहे. तो सुंदर आहे, पण फसवा आहे. जी मुलगी लग्नाच्या मांडवातल्या बँडने कासावीस होऊन कान झाकून घेते, ती स्वतःत मग्न नसते. बाहेरचे जग तिच्यावर नको इतके आदळत असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली जगात १२७ माणसांमागे एक ऑटिस्टिक होते. हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ११ लाख ७७ हजार ३४५ होती. तोच हिशेब इथे लावला तर जिल्ह्यात अशी माणसे ९ हजारांच्या वर भरतात. पण त्याच जनगणनेत अपंगत्वाचे आठ प्रकार नोंदवले गेले आणि त्यांत ऑटिझम नव्हता. जे मोजले जात नाही त्याच्यासाठी निधी नसतो, हे बाईच्या घरकामावरून आपण शिकलोच आहोत.

हा प्रश्न बायकांचा कसा, असे एखादी मैत्रीण विचारील. तो तीन अंगांनी बायकांचा आहे.

पहिले अंग आईचे. लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ साली अकरा मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि ऑटिझम हे नाव रुळले. त्यानंतर सुमारे वीस-पंचवीस वर्षे मोठमोठे तज्ज्ञ सांगत राहिले की आई मायेने थंड असली की मूल असे होते. ब्रूनो बेटलहाइम यांनी १९६७ साली त्यावर आख्खे पुस्तक लिहिले. हे खोटे आहे हे पुढे सिद्ध झाले. एका ऑटिस्टिक मुलीची आई असलेल्या लॉर्ना विंग या मानसोपचारतज्ज्ञ बाईने ज्युडिथ गूल्ड यांच्यासोबत लंडनच्या एका भागातल्या मुलांची पाहणी केली. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीने ऑटिझमचा एकच साचा नसून त्याचा मोठा पट आहे, या समजुतीचा पाया घातला. तज्ज्ञांनी पुस्तके बदलली, पण आपल्या गावातल्या सासवांनी ती वाचलेली नाहीत. सेनगाव, कळमनुरीकडच्या खेड्यांत आजही "गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही", "मोबाइल दिला म्हणून पोर असं झालं" हे आईलाच ऐकावे लागते. नवरा दुसरे लग्न करतो, त्यालाही कारण तेच दिले जाते. मग ती आई स्वतःची मजुरी सोडते आणि वीस-तीस वर्षे लेकरासोबत घरात कोंडली जाते. ऑटिस्टिक माणसाला काम मिळाले नाही तर बेरोजगार दोघे होतात, आणि त्यातली दुसरी व्यक्ती जवळजवळ नेहमी बाईच असते. "आमच्या माघारी लेकराचं काय व्हावं?" हा प्रश्न मनात घेऊन ती म्हातारी होते.

दुसरे अंग मुलीचे. ऑटिझमचे निदान मुलांमध्ये मुलींच्या तिपटी-चौपटीने होते. मुलींमध्ये ते मुळात कमी असेल, पण ते दिसतही कमी, कारण मुलीने गप्प असणे हे आपल्याकडे लक्षण नसून गुण आहे. मान खाली घालून बसणारी, कोणाशी न बोलणारी, सांगितले तेवढेच करणारी मुलगी 'गुणाची' ठरते. मुलगा बोलत नाही म्हणून त्याला नांदेडला, छत्रपती संभाजीनगरला नेले जाते. मुलगी बोलत नाही म्हणून तिला शाळेतून काढून कामाला लावले जाते. बचत गटाच्या बैठकीला घरोघर हिंडणाऱ्या प्रत्येकीने अशी एखादी मुलगी पाहिली असेल. ती धान्य निवडते, शेणकूर करते, जनावरांना पाणी दाखवते, हळदीच्या हंगामात सकाळपासून अंधार पडेपर्यंत गड्डे वेगळे करते. तिला कोणी 'कामाची' म्हणत नाही, 'साधी' म्हणतात. तेव्हा या मुलीला 'रोजगार द्या' असे म्हणणेही पुरेसे नाही. काम ती करतेच आहे. तिला मजुरी नाही, हाताला बँकेचे पुस्तक नाही, ठरलेली वेळ नाही, आणि नको म्हणण्याची सोय नाही. काहींची लग्ने लावली जातात, "संसाराला लागली की सुधारेल" म्हणून. वर्षभरात त्या माहेरी परत येतात. आपल्या सल्ला केंद्रात येणाऱ्या टाकलेल्या बायकांत अशाही काही जणी असतात, आणि आपण त्यांचा अर्ज लिहिताना "काही विचारलं तर बोलत नाही" एवढेच नोंदवतो.

तिसरे अंग आपल्या चळवळीचे. फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद मुलींची गर्भाशये पुण्याच्या ससून रुग्णालयात काढण्यात आली. कारण सांगितले गेले की या मुलींना पाळीची स्वच्छता राखता येत नाही. स्त्री संघटना रस्त्यावर उतरल्या. सांभाळणाऱ्यांच्या सोयीसाठी बाईचे शरीर कापू देणार नाही, असे त्यांनी ठणकावले. ती भूमिका बरोबर होती. पण त्या भूमिकेचा पुढचा भाग अजून राहिला आहे. शरीर अबाधित राहिले, मग पुढे जगायचे कसे? कोणाच्या कमाईवर, कोणत्या ओळखीने? सांभाळणाऱ्यांच्या सोयीने जगणे नको असेल तर स्वतःची कमाई हवी. बाईच्या बाबतीत आपण हे पन्नास वर्षे म्हणत आलो. अपंग बाईच्या बाबतीत म्हणताना आवाज का खाली येतो?

कायदा आपल्या बाजूने आहे, निदान कागदावर. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण तिथे भर पालकत्वावर होता. रोजगाराचा हक्क आला तो दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मुळे, जो १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्यात २१ प्रकार आहेत आणि ऑटिझम त्यांत आहे. सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता या सर्वांमध्ये मिळून आहे. गरिबी निर्मूलनाच्या योजनांत ५ टक्के राखीव आणि त्यात अपंग स्त्रियांना प्राधान्य, असे कलम ३७ सांगते. वीस किंवा अधिक नोकर असलेल्या खासगी आस्थापनेनेही समान संधीचे धोरण लिहून त्यात सोयी नमूद करायच्या आहेत. कायदा मोडला तर पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत आणि पुन्हा मोडला तर ५० हजार ते ५ लाखांपर्यंत दंड आहे.

या कायद्यातला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे 'वाजवी सोय' ही कल्पना. व्हीलचेअरवाल्यासाठी जसा उतार, तसा प्रत्येक अपंग माणसासाठी त्याच्या गरजेचा बदल करणे हे मालकाचे कर्तव्य आहे आणि तो नाकारणे हा भेदभाव आहे. सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार खटल्यात २०२१ साली हे ठामपणे मांडले. म्हणजे काम माणसाला बसवायचे, हे आता नुसते आपले म्हणणे राहिलेले नाही. तो कायदा आहे.

आता हिंगोलीत या. ऑटिझम आणि नोकरी असा विषय निघाला की बहुतेक लेखांत परदेशी संगणक कंपन्यांचे दाखले येतात. डेन्मार्कमध्ये थॉर्किल सोन या ऑटिस्टिक मुलाच्या बापाने २००४ साली अशा माणसांना संगणकाची कामे देणारी कंपनी काढली. जर्मनीच्या सॅप कंपनीने २०१३ साली जाहीर केले की २०२० पर्यंत तिच्या नोकरवर्गात १ टक्का ऑटिस्टिक माणसे असतील. चांगले आहे. पण या दाखल्यांत एक खोच आहे. ही माणसे चुका हुडकण्यात तरबेज असतात, एकाग्र असतात, म्हणून त्यांना घ्या, असा त्यांचा सूर असतो. असा सूर आपण ओळखतो. बायकांची बोटे नाजूक आणि चपळ, म्हणून कापूस वेचणीला, खुरपणीला बायकाच बऱ्या, असे म्हणणाऱ्याने कधी मजुरी वाढवली का? स्तुती करून कमी पैशात राबवण्याची ती जुनी रीत आहे. शिवाय ज्याच्या अंगी असे काही खास कसब नाही, त्याने काय करायचे? आपण रोजगार मागतो तो कसबाचे बक्षीस म्हणून नाही, माणसाचा हक्क म्हणून.

आणि हिंगोलीत संगणक कंपन्या नाहीतच. १९९९ साली परभणीतून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात काम म्हणजे सोयाबीन, कापूस आणि हळद. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोलीच्या बाजार समितीत हळदीचे ढीग लागतात. त्याखेरीज आडत दुकाने, डाळ मिल, जिनिंग, झेरॉक्सची दुकाने, शाळांतली खिचडी, पंचायत समितीची कार्यालये, आणि गावोगावचे बचत गट. सर्वसमावेशक कामाची जागा घडवायची तर ती इथेच घडवावी लागेल. आणि बचत गटांच्या बाबतीत मालक दुसरे कोणी नाही, आपणच आहोत.

हे कसे करायचे, याचे धडे मराठी बायकांनीच घालून दिले आहेत. मुंबईत जुहूला २०१८ च्या डिसेंबरात 'कॅफे अर्पण' सुरू झाले. यश चॅरिटेबल ट्रस्टच्या या उपाहारगृहामागे डॉ. सुषमा नगरकर आहेत, ज्या स्वतः एका ऑटिस्टिक मुलीची आई आहेत. ऑटिस्टिक आणि बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसे तिथे पदार्थ बनवतात आणि गिऱ्हाइकाला वाढतात. मागच्या खोलीत दडवलेली नाहीत. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगरला अंबिका टाकळकर या आईने 'आरंभ' हे केंद्र उभे केले, आणि लातूरला 'उमंग' हे ऑटिझम व बहुविकलांगतेचे केंद्र आहे. ही कामे मोठी आहेत, पण हिंगोलीच्या आईला तिथवर जायचे तर मजुरी बुडवून आणि गाडीभाडे मोजून जावे लागते. म्हणून जवळच्या जागा बदलायला हव्यात.

हळद पावडर करणाऱ्या एखाद्या गटाचेच घ्या. हळकुंडे निवडणे, दळणे, चाळणे, वजन करणे, पाकीट भरून बंद करणे, लेबल लावणे, अशी कामे असतात. ऑटिस्टिक मुलीला कामाला घेतले आणि "नीट निवड गं" म्हणून सोडून दिले तर ती बसून राहील, किंवा सगळे एकाच टोपल्यात टाकील, आणि आपण म्हणू, "हिला नाही जमत." आता तीन टोपली ठेवा. एकावर सोरा गड्डा बांधा, दुसऱ्यावर बगल गड्डा, तिसऱ्यावर हळकुंड. जसे बाहेर तसे आत. आता शब्दाची गरजच राहिली नाही. "थोडी थोडी भर" म्हणण्याऐवजी काट्यावर रंगाची खूण करा. कामाच्या पायऱ्या चित्रांत काढून भिंतीला लावा. मुलाखत घेऊच नका. "तुझ्याबद्दल सांग" या प्रश्नाला ती गप्प बसेल. आठ दिवस काम करू द्या आणि मग ठरवा. पॉलिशच्या ड्रमचा, गिरणीचा आवाज असह्य असेल तर तिची बसायची जागा लांबच्या कोपऱ्यात द्या, कानात बोळे घालू द्या. वीज जाणार असेल, बाजारचा दिवस बदलणार असेल, तर आधी सांगा. वीज गेल्यावर काय करायचे तेही ठरवून ठेवा. काय विचारायचे ते कोणाला विचारायचे, अशी एकच बाई नेमून द्या. आणि जीव घाबरा होऊन ती कान झाकून बसली तर तिला ओढू नका, रागावू नका, अंगाला हात लावू नका. ते हट्ट नाही. जागा शांत करा आणि तिला वेळ द्या.

यात खर्च किती? तीन टोपली, एक चित्र आणि थोडी शिस्त. शिवाय ही सोय तिच्या एकटीच्या कामाची राहत नाही. जिला लिहिता-वाचता येत नाही तिला भिंतीवरची चित्रे उपयोगी पडतात, आणि जिला विचारायची लाज वाटते अशी नवी सून टोपल्यावरचा नमुना पाहून कामाला लागते. पाळणाघर झाले तेव्हा असेच झाले होते. मागितले अंगावर पाजणाऱ्या आईने, पण शाळेतून गळणारी थोरली बहीणही त्यामुळे सुटली.

दोन गोष्टींत मात्र सावध राहायला हवे.

पहिली मजुरीची. अपंगांच्या पुनर्वसनाच्या नावाने दिवाळीला पणत्या रंगवून घ्यायच्या, रक्षाबंधनाला राख्या करून घ्यायच्या आणि महिन्याकाठी 'मानधन' म्हणून शे-दोनशे रुपये हातावर ठेवायचे, हे पुष्कळ ठिकाणी चालते. हे काम नव्हे, ही विरंगुळ्याची मजुरी आहे. जे काम दुसरी बाई करते तेच ही करत असेल तर दर तोच हवा. नगावर हिशेब करायचा असेल तर निदान सुरुवातीचे काही महिने रोजाने द्या, कारण हात बसायला वेळ लागतो. आणि पैसे तिच्या खात्यावर जमा करा. "हिला पैशाचं काय कळतं?" असे भाऊ म्हणेल. एकेकाळी आपल्याबद्दलही हेच म्हणत होते आणि आपली मजुरी नवऱ्याच्या हातात जात होती.

दुसरी गोष्ट सोबतीच्या कष्टाची. वर सांगितले की एक बाई नेमून द्या. ती बाई कोण? बहुतेक वेळा मुलीची आईच, आणि तीही फुकट. असे झाले तर एकीला रोजगार दिला आणि दुसरीला वेठीला धरले, एवढेच होईल. शहरांत या कामासाठी शिकवलेली माणसे असतात आणि त्यांना पगार असतो. आपल्याकडेही कामातली सोबतीण हे पद हवे. तिला प्रशिक्षण आणि ठरलेले पैसे हवेत. ग्रामपंचायतींनी स्वउत्पन्नाच्या ५ टक्के रक्कम अपंगांसाठी खर्च करायची असते. पुष्कळ गावांत ती वर्षाअखेरीस डबे, घोंगड्या किंवा रोख रक्कम वाटून संपवली जाते. त्यातून सोबतिणीचा मोबदला देता यावा, हा ठराव ग्रामसभेत मांडायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट आपल्याखेरीज दुसरे कोणी बोलणार नाही, म्हणून स्पष्ट बोलू. जी मुलगी इशारे ओळखू शकत नाही, जिला "कोणाला सांगू नकोस" म्हटले की ती सांगत नाही, तिला कामाच्या ठिकाणी धोका जास्त आहे. तो धोका दाखवून घरचे तिला कोंडून ठेवतात. पण घर सुरक्षित असते का? सल्ला केंद्रात बसणाऱ्यांना याचे उत्तर ठाऊक आहे. उपाय कोंडण्यात नाही. २०१३ च्या कायद्याच्या नियमांत स्पष्ट म्हटले आहे की मानसिक असमर्थतेमुळे बाई स्वतः तक्रार करू शकत नसेल तर नातेवाईक, मैत्रीण, विशेष शिक्षक, मानसोपचारतज्ज्ञ किंवा पालक तिच्या वतीने तक्रार करू शकतात. दहापेक्षा कमी माणसे काम करतात अशा ठिकाणांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. न बोलणाऱ्या मुलीची साक्ष चित्रांतून, खुणांतून, वेळ देऊन कशी घ्यायची, हे त्या समितीला शिकवले गेले पाहिजे. ती मागणी आपली आहे.

काही आक्षेप येतील. "धडधाकट पदवीधर पोरं रिकामी हिंडतात, तिथं यांना कुठलं काम?" हे वाक्यही ओळखीचे आहे. पुरुषांना काम नाही तर बायकांना कशाला, असे ज्यांनी म्हटले त्यांना आपण उत्तर दिले होते की बेकारी आमच्यामुळे आलेली नाही. "शासन पेन्शन देतं की!" पेन्शन हा हक्क आहे आणि ती वाढलीच पाहिजे. पण तिच्या जोरावर माणसाला घरात बसवून ठेवता येत नाही. आणि ज्यांना इतकी मदत लागते की कोणतेही मजुरीचे काम जमणार नाही, त्यांचे काय? त्यांचा सन्मान कामावर अवलंबून नाही. कमावणार नाही त्याला किंमत नाही, असे म्हणणे म्हणजे घरकाम करणाऱ्या बाईला 'काही करत नाही' म्हणणेच आहे. हक्क काम मिळण्याचा आहे, कामाची सक्ती करण्याचा नाही.

तेव्हा येत्या वर्षात हिंगोलीतल्या गटांनी काय करावे? पाच गोष्टी सुचवते.

एक, दाखला. ऑटिझमचा दाखला 'मतिमंद' म्हणून देऊन वाटेला लावणे थांबले पाहिजे. दाखल्यासाठी चाळीस प्रश्नांची भारतीय मोजपट्टी आहे. हिंगोलीला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय झाले, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. तिथे ठरलेल्या दिवशी ही तपासणी व्हावी, आणि ती प्रौढ बायकांचीही व्हावी, अशी मागणी करू. १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. पण वयाची तिशी गाठलेल्या आणि कधीच निदान न झालेल्या मुलीला दार कुठले?

दोन, बचत गट. अपंग व्यक्तींच्या गटाला दहाऐवजी पाच सदस्य चालतात, ही सवलत राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियानात आहे. ती वापरू. पण वेगळा गट काढून विषय संपवू नका. आपल्या चालू गटातही अशी एक तरी सदस्य घ्या.

तीन, सरकारी कार्यालये. जिल्हा परिषदेत आणि तहसिलीत त्या १ टक्क्यातली किती पदे भरली, हे माहितीच्या अधिकारात विचारू. औंढा तालुक्यात दुधाळ्याला लायगोची प्रयोगशाळा होते आहे. केंद्राने २०२३ साली तिला २,६०० कोटी रुपये मंजूर केले. ही पायापासून नवी बांधली जाणारी कामाची जागा आहे. ती सगळ्यांच्या मापाने बांधा, हे आताच सांगायला हवे.

चार, तक्रार. नाकारलेल्या प्रत्येक कामाचा अर्ज पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे जाऊ द्या. दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते राज्यात डिसेंबर २०२२ मध्ये झाले. खाते झाले, आता त्याला काम देऊ.

पाच, आपली स्वतःची बैठक. कर्कश लाउडस्पीकर, शेवटच्या क्षणी बदललेली वेळ, सगळ्यांनी एकदम बोलणे, न बोलणारीला "काय गं, मुकी का?" म्हणणे, हे आपल्या बैठकीतही असते. ऑटिस्टिक मुलगी आणि तिची आई आपल्या बैठकीत दोन तास निवांत बसू शकली, तर समजा सुरुवात झाली. नाहीतर इतरांना जागा बदला म्हणून सांगण्याचा आपल्याला अधिकार काय?